शेजाऱ्यांच्या घरातल्या फटी बुजवायला जाताय? आधी क्रम नीट लावा

दर थंडीच्या तोंडावर हेच होतं. पाचसहा उत्साही लोक जमतात, प्रत्येकाच्या हातात सीलंटची, म्हणजे फटी भरायच्या लगद्याची गन, घरात शिरल्याशिरल्या सगळे खिडक्यांना भिडतात, दोन तासांत ट्यूबा संपतात, फोटो निघतात, सगळे खूष. महिन्याभराने घरातल्या आजी सांगतात की गार वारं अजून येतंच आहे हो. कधी त्याहून वाईट होतं, काचांवर आतून पाणी धरायला लागतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी दिसते. काम मनापासून केलेलं असतं, सामान पण बरं असतं, फक्त जे शेवटी करायचं ते आधी केलेलं असतं आणि जे आधी बघायचं ते बघितलेलंच नसतं.

म्हणून हा लेख. क्रम असा: आधी जीवाचा धोका, मग ओल, मग घराच्या वरच्या फटी, मग तळाच्या, मग दारं, मग खिडक्या, बाकीचं सगळं नंतर. हीटर चालणाऱ्या घराला हे लागू आहे आणि एसी चालणाऱ्या घरालाही, कारण पैसे देऊन गरम किंवा गार केलेली हवा फटीतून पळते हे दोन्हीकडे सारखंच. फ्लॅट असेल तर माळ्याचा, म्हणजे छताखालच्या पोकळीचा टप्पा सोडा, बाकी सगळं करा.

## १. पहिली भेट, सामान न घेता

कामाच्या निदान आठ दिवस आधी दोघांनी जाऊन यायचं. दोघांनीच, झुंड नको. आपल्या घरात कुणी येऊन हे गळतंय ते फाटलंय म्हणायला लागलं की कुणालाही अवघडल्यासारखं होतं, त्यामुळे आधी विचारायचं आणि मग बघायचं. ‘आजी, सगळ्यात गार खोली कुठली वाटते?’ ‘काका, रात्री झोपताना कुठलं दार त्रास देतं?’ एवढे दोन प्रश्न विचारले की लोक स्वतःच हात धरून दाखवत फिरतात.

फिरताना नजर उघडी ठेवा. दाराखाली गुंडाळून लावलेली चादर, खिडकीच्या कडेला कोंबलेला कागद, चौकटीवरून मारलेली पॅकिंग टेप, थंडीत बंदच ठेवलेली एखादी खोली, भिंतीपासून मुद्दाम हातभर सरकवलेला पलंग. हा फटींचा नकाशाच आहे, घरातल्यांनी वर्षानुवर्षं राहून काढलेला, तो उतरवून घ्या.

वहीत काय काय यायला हवं:

- घर स्वतःचं की भाड्याचं. भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी, तोंडी ‘करा की’ चालत नाही, कारण स्क्रू मारल्यावर वाद होतो तो भाडेकरूशी होतो, तुमच्याशी नाही.
- हीटर, गिझर, शेगडी कशावर चालते: वीज, गॅस, तेल, लाकूड.
- घर साधारण कधी बांधलेलं. जुनं घर असेल तर टप्पा २ दुप्पट लक्ष देऊन वाचा.
- घरात दमेकरी, तान्हं बाळ, ऑक्सिजन लावणारं कुणी आहे का, कुत्रं-मांजर आहे का.
- मागच्या १२ महिन्यांची बिलं, द्यायची इच्छा असेल तरच.
- मोजमापं. प्रत्येक बाहेरच्या दाराची रुंदी, दार आणि उंबरठा यातली फट, प्रत्येक खिडकीची उंची-रुंदी. सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. ‘साधारण बोटभर’ असं लिहिलेलं घरी जाऊन वाचलं की कुणाचं बोट ते कळत नाही.

तपासणी: निघण्याआधी घरातल्यांना विचारा, कुठल्या खिडक्या ते रोज उघडतात आणि आग लागली तर कुठून बाहेर पडतील. त्या खिडक्यांवर वहीत खूण करा, त्या कायमच्या बंद करायच्या नाहीत, कुणी कितीही म्हणालं तरी.

## २. जीवाला धोका असलेल्या गोष्टी

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त गाळतात, कारण त्यात काही बुजवायचं नसतं, नुसतं बघायचं असतं.

जळणारी उपकरणं. गॅस, तेल, लाकूड, कोळसा, काहीही घरात जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा विचार पहिला. या वायूला रंग नाही, वास नाही, डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. फटी असलेल्या घरात बाहेरची हवा येत राहते म्हणून एखादा खराब हीटर वर्षानुवर्षं खपून जातो, तुम्ही घर घट्ट केलंत की तोच हीटर उलटतो. बाथरूमचा आणि किचनचा पंखा हवा बाहेर फेकतात, ती भरून काढायला दुसरी वाट उरली नाही की चिमणीतून वर जाणारा धूर खाली घरात खेचला जातो.

साधी चाचणी अशी. सगळी दारंखिडक्या बंद. घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे सुरू, हवा बाहेर टाकणारा कपड्यांचा ड्रायर असेल तर तोही. मग गिझर किंवा हीटर पेटवा आणि त्याच्या धुराच्या नळीला जिथे उघडं तोंड असतं तिथे पेटलेली उदबत्ती धरा. सुरुवातीला धूर जरा घोटाळेल, पण पाचेक मिनिटांत तो आत ओढला जाऊन वर जायला पाहिजे. धूर तुमच्या तोंडावर येत राहिला तर चाचणी फेल. ज्या उपकरणाला बाहेरून हवा घ्यायची स्वतःची बंद नळी असते त्याला ही चाचणी लागू नाही.

थांबा: चाचणी फेल झाली तर उपकरण बंद, खिडक्या उघड्या, आणि टेक्निशियनने दुरुस्त करेपर्यंत त्या घरात एकही फट बुजवायची नाही. दिवस वाया गेला तरी चालेल. आणि गॅसचा वास आला तर उदबत्ती तर सोडाच, लाईटचं बटणही दाबायचं नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा. असलेला अलार्म उलटा करून मागची तारीख बघा. टेस्टचं बटण दाबल्यावर वाजला म्हणजे चांगला, असं नाही. ते बटण बॅटरी आणि भोंगा तपासतं, आतला सेन्सर म्हातारा झालाय की नाही ते त्याला कळत नाही. मुदत संपलेला अलार्म बदलायचा, चर्चा नाही.

जुना रंग. जुन्या घरांच्या खिडक्या-चौकटींवर शिसं असलेला रंग असू शकतो, लहान मुलांच्या मेंदूला शिशाची धूळ फार वाईट. शंका असेल तर कोरडं घासायचं नाही, सँडपेपर मशीन लावायचं नाही, गरम हवेने जाळायचं नाही. पोपडे निघालेले असतील तर ते काम तुमचं नाही, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

ॲस्बेस्टॉस, म्हणजे जुन्या बांधकामातलं, फुप्फुसांना घातक असलेलं तंतूंचं खनिज. माळ्यावर चमकदार, राखाडी-तपकिरी, खड्यांसारखं हलकं इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारा थर, पसरलेलं दिसलं, किंवा जुन्या पाईपांवर पांढरं प्लास्टरसारखं वेष्टण, तर हात लावू नका, झाडू नका, झडप बंद करून खाली या. त्या घरात माळ्याचं काम कॅन्सल.

जुनी वायरिंग. लाकडावर चिनीमातीचे खुंटे आणि त्यावरून ताणलेल्या सुट्या वायरी दिसल्या तर त्यावर इन्सुलेशन टाकायचं नाही, त्या वायरी मोकळ्या हवेत थंड होतात, झाकल्या की तापतात.

ओल. छत गळतंय, पाईप ठिबकतोय, ड्रायरची नळी घरातच सोडलीय, भिंतीला बुरशी आहे? मग आधी ते. ओलं घर घट्ट केलं की पाणी आतच कोंडलं जातं. सुरुवातीला बुरशीचं म्हटलं ते बहुतेक इथूनच येतं.

काही भागांत जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू घरात येतो, तिथे काम करत असाल तर आधी आणि नंतर रेडॉनची टेस्ट करून घ्या, किट मिळतात.

## ३. फटी शोधणं

कुठे शोधायचं ते कळायला एवढंच लक्षात ठेवा की गरम हवा वर जाते. थंडीत ती माळ्याच्या भोकांमधून निसटते आणि तेवढीच गार हवा खालून, तळघरातून, उंबरठ्याखालून आत ओढली जाते. माणसाला वारं लागतं ते पायाशी आणि खिडकीशी, म्हणून तो खिडकीला दोष देतो, पण ओढ लावणारं भोक डोक्यावर असतं. वरचं बंद केलं की खालचं ओढणं आपोआप मंदावतं. म्हणून वरचं आधी.

व्यावसायिक लोक ब्लोअर डोअर लावतात, म्हणजे दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करतात आणि मग प्रत्येक फट शिट्टी वाजवल्यासारखी सापडते. भाड्याने किंवा ओळखीने मिळत असेल तर उत्तमच, मात्र तो पंखा लावताना जळणारी सगळी उपकरणं बंद आणि चुलीतली राख झाकलेली असायला हवी. मिळत नसेल तर गरीबाची पद्धत: बाहेर गार आणि वारं असलेला दिवस निवडा, दारंखिडक्या लावा, हीटर आणि गिझर बंद करा, एक्झॉस्ट पंखे सुरू करा आणि उदबत्ती घेऊन कडेकडेने सावकाश फिरा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा झाला, थरथरला, तुटला तर तिथे रंगाऱ्याच्या निळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि वहीत नंबर टाका.

पडद्यांपासून उदबत्ती लांब ठेवा, आणि ऑक्सिजन लावणारं कुणी घरात असेल तर उदबत्ती अजिबात नको, ओला हात फिरवा, मनगटाच्या आतल्या बाजूला वारं चटकन कळतं. टप्पा २ मधली धुराची चाचणीही अशा घरात उदबत्तीने करायची नाही, ती टेक्निशियनवर सोडा.

दारांसाठी कागदाची पट्टी. दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे दार टेकतच नाही. चारी बाजूंनी तीनतीन ठिकाणी बघा, बिजागरीच्या बाजूलाही, ती बाजू सगळे विसरतात. रात्री एकाने आतून टॉर्च मारायचा, दुसऱ्याने बाहेरून बघायचं, हेही चालतं, पण वाकडीतिकडी फट प्रकाश दाखवत नाही आणि वारं मात्र सोडते, म्हणून फक्त टॉर्चवर विसंबू नका.

माळ्यावर उदबत्तीची पण गरज नसते बऱ्याचदा. फायबरग्लासची गादी उचलून खालून बघा. जिथे ती काळपट, मळकी झालेली दिसेल तिथे खालून वर्षानुवर्षं हवा येतेय, गादीने फक्त धूळ गाळून ठेवली. फायबरग्लास ऊब धरतं, हवा अडवत नाही. त्यावर अजून एक थर टाकला की झालं असं ज्यांना वाटतं त्यांना हा काळा डाग दाखवा.

## ४. सामान आणि माणसं

घरागणिक एक खोका भरा, वर घराचं नाव, आत त्या वहीतल्या मापाप्रमाणे सामान. कामाच्या दिवशी दुकानात पळणारा माणूस म्हणजे अर्धा दिवस गेला.

फटीच्या मापाप्रमाणे माल ठरतो:

- साधारण ६ मिलिमीटरपर्यंत: सीलंट. आतल्या बाजूला ॲक्रिलिक, कारण त्यावर रंग बसतो. पाणी लागणाऱ्या जागी सिलिकॉन, पण सिलिकॉनवर रंग बसत नाही हे आधी सांगा, नंतर ओरडा बसतो.
- त्याहून मोठी, खोल फट: आधी फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड, फटीपेक्षा ३ मिलिमीटर जाड, आत दाबायची आणि वरून सीलंट. दोरी न घालता नुसता सीलंट ओतला तर ट्यूब रिकामी होते आणि महिन्याभरात मध्येच चीर पडते.
- पाईपाभोवतीची भोकं: डब्यातला स्प्रे फोम. दारंखिडक्यांच्या चौकटीला मात्र कमी फुगणारा फोम, तसं डब्यावर लिहिलेलं असतं. जास्त फुगणारा वापरला की चौकट वाकते आणि खिडकी सरकायची थांबते.
- हातभर मोठं भोक: कडक फोमची शीट कापून बसवायची, कडा फोमने.
- चिमणी आणि धुराची नळी: पत्रा आणि उष्णता सोसणारा सीलंट, दुसरं काहीही नाही.

एका घराला चारपाच माणसं पुरेत. एक लीडर, तो हातात गन घेत नाही, यादी घेऊन फिरतो आणि टिक करतो. दोघं वर, दोघं दारंखिडक्यांना. घरातल्यांशी बोलायला एकच माणूस ठरवा, नाहीतर पाच जण पाच उत्तरं देतात. कुणाच्याही खोलीत एकटं जायचं नाही, सामान हलवायचं तर विचारून, आणि हलवण्याआधी एक फोटो काढून ठेवा म्हणजे परत जागच्या जागी ठेवता येतं.

## ५. माळा

सकाळी लवकर माळ्यावर चढा, उन्हाळ्यात दुपारी तिथे माणूस भाजून निघतो. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, डोक्यावरचा टॉर्च. पाय फक्त तुळयांवर, दोन तुळयांच्या मधे पाय पडला की तो खालच्या खोलीत निघतो.

क्रम: मोठी भोकं आधी. पाईप खालून वर जातात ती पोकळी, बाथरूमच्या वरची उघडी जागा, चिमणीभोवतीची फट, मग वायरींची छोटी भोकं. बहुतेक टीम उलटं करतात, वायरीच्या भोकांवर तासभर घालवतात आणि चिमणीशेजारी पुस्तक मावेल एवढी फट तशीच राहते.

चिमणीपाशी फोम चालत नाही, फोम पेटतो. पत्रा कापून चिमणीला टेकवायचा, खिळ्यांनी पक्का करायचा, कडेला उष्णता सोसणारा सीलंट. इन्सुलेशन चिमणीपासून किती लांब ठेवायचं ते तिथल्या बांधकाम नियमांत आणि नळीवरच्या लेबलवर असतं, ते वाचा. छतात बसवलेले जुने दिवे असतील तर ते झाकायचे नाहीत, इन्सुलेशनला टेकलेले चालतात असं दिव्यावर लिहिलं असेल तरच झाकायचे.

माळ्याची झडप विसरू नका. तिच्या चौकटीला फोमची पट्टी, वरच्या बाजूला कडक फोमची शीट चिकटवलेली, आणि दोन कड्या, म्हणजे झडप खाली ओढली जाऊन पट्टी दाबली जाते. नुसती पट्टी लावून झडप वर ठेवून दिली तर तिचं वजन पुरत नाही.

थांबा: छताच्या कडेला हवा खेळायला ठेवलेल्या जाळ्या असतात, त्या बुजवायच्या नाहीत. माळा घरापासून तोडायचा आहे, बाहेरच्या हवेपासून नाही. आणि बाथरूमचा पंखा माळ्यातच हवा सोडत असेल तर ती नळी आधी घराबाहेर न्या.

फोमबद्दल एक गोष्ट. डबा खूप हलवा, उलटा धरा, भोकावर पाण्याचा फवारा मारा (दमट जागी तो नीट जमतो), आणि अर्ध्याहून कमी भरा, तो फुगतो. हातमोजे घालाच. ओला फोम ॲसिटोनने निघतो, वाळला की कातडीबरोबर काही दिवसांनीच जातो. डब्यातला गॅस ज्वालाग्राही असतो, जवळ पायलट ज्योत किंवा शेगडी पेटलेली नको.

## ६. तळ

घराच्या पायाचं काँक्रीट किंवा दगड जिथे लाकडाला भेटतो ती आडवी रेघ, पाण्याच्या आणि गॅसच्या पाईपांची भोकं, तळघराची खिडकी. दोरी आणि सीलंट, मोठ्या भोकाला फोम. जिथून उंदीर येतात तिथे नुसता फोम नको, तो ते कुरतडतात, आधी तारेची जाळी कोंबा.

थांबा: तळघरात हीटरला हवा मिळावी म्हणून भिंतीत मुद्दाम ठेवलेली जाळी किंवा नळी असते. तिथून गार वारं येतं, म्हणून कुणीतरी हटकून ती बुजवतो. ती फट नाही, हीटरचं नाक आहे. सकाळीच तिच्यावर लाल टेपने ‘हात लावू नका’ लिहून ठेवा.

## ७. दारं

आधी दार दुरुस्त, मग पट्टी. बिजागरीचे स्क्रू सैल असतील तर घट्ट करा, कडी नीट बसत नसेल तर तिची पाटी सरकवा. कित्येक दारांची अर्धी फट इथेच जाते.

मग चौकटीच्या तीन बाजूंना फोमची किंवा रबराची पट्टी. जागा आधी पुसा, मग स्पिरिटने पुसा, वाळू द्या. धुळीवर चिकटवलेली पट्टी पंधरा दिवसांत लोंबायला लागते. दार लावल्यावर पट्टी साधारण अर्धी दबली पाहिजे. पूर्ण चपटी झाली तर दार लागत नाही आणि म्हातारी माणसं ते उघडंच ठेवायला लागतात, म्हणजे गेलं सगळं पाण्यात. अजिबात दबली नाही तर लावून न लावून सारखंच.

खालच्या बाजूला डोअर स्वीप, म्हणजे दाराच्या तळाला स्क्रूने बसवायची रबरी पट्टी. दार बंद करून खूण करा, पट्टी दारापेक्षा दोनतीन मिलिमीटर कमी कापा, म्हणजे चौकटीला घासत नाही. स्क्रूची भोकं लांबट असतात, स्क्रू त्यांच्या मधोमध मारा, मग वरखाली करायला जागा राहते. रबर उंबरठ्याला फक्त टेकायला हवं. आत पायपुसणं किंवा गालिचा असेल तर दार पूर्ण उघडून बघा.

घराच्या आतल्या दारांना स्वीप लावू नका. सगळ्या घराला एकच हीटर किंवा एसी डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या नळ्यांमधून हवा देत असेल तर खोलीतली हवा दाराखालूनच परत जाते, ती वाट बंद केली की खोली नीट तापत नाही आणि बाकीचं घर फटींतून बाहेरची हवा ओढतं.

तपासणी: परत कागदाची पट्टी. प्रत्येक बाजूला थोडी अडली पाहिजे. आणि घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला दार उघडायला सांगा, तुम्हाला उघडतंय याला अर्थ नाही.

## ८. खिडक्या

आता कुठे खिडक्या.

न हलणारे जोड, म्हणजे चौकट आणि भिंत, सीलंटने. हलणारे भाग कधीही सीलंटने नाही. सरकणाऱ्या खिडकीला कडेने व्ही आकाराची पट्टी, आणि भाड्याच्या घरात थंडीपुरती पिठाच्या गोळ्यासारखी मळता येणारी सीलंटची दोरी, ती नंतर ओढून निघते. बाहेरच्या खिडकीच्या तळाशी बारीक भोकं असतात ती पाणी निघायला, ती बुजवली की चौकट कुजते.

सीलंट मारायची पद्धत: जुना पोपडा खरवडून काढा (जुन्या रंगाची शंका असेल तर टप्पा २), जागा कोरडी, तापमान ५ अंशांच्या वर, त्याखाली बहुतेक सीलंट नीट धरत नाहीत. नळीचं टोक तिरकं आणि बारीक कापा. सगळे भसकन कापतात, मग बोटभर जाड रेघ येते आणि पुसण्यात वेळ जातो. एका दमात रेघ ओढा, लगेच ओल्या बोटाने दाबा, दहा मिनिटांनी बोट फिरवलं तर कातडं निघतं. जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीच धरत नाही, तो पूर्ण काढायचा.

आतून लावायची प्लास्टिक फिल्म: चौकट पुसून दुहेरी टेप, आधी वरची कड, मग बाजू, मग खालची. सुरकुत्या राहू देत. मग हेअर ड्रायर, कोपऱ्यांपासून सुरू, फिल्मला न टेकवता, सतत हलता. एका जागी थांबलात की भोक पडतं. ज्या खिडक्यांवर पहिल्या दिवशी खूण केली त्यांवर फिल्म नको.

तपासणी: दोनतीन दिवसांनी फिल्म आणि काच यांच्या मधे पाणी धरलं असेल तर घरातली दमट हवा कडेने आत शिरतेय, टेप परत दाबा.

## ९. राहिलेलं, पटापट

डक्टचे जोड मस्टिकने, म्हणजे ब्रशने लावायच्या घट्ट लेपाने, किंवा डक्टसाठी बनवलेल्या ॲल्युमिनियम टेपने. ज्या करड्या कापडी टेपला सगळे डक्ट टेप म्हणतात ती इथे टिकत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत टेपांना तापवून-थंडावून बघितलं तेव्हा तीच सगळ्यात आधी सुटली.

गिझरमधून निघणाऱ्या गरम पाण्याच्या पाईपाला पहिल्या दोनेक मीटरपर्यंत फोमची नळी घाला, चीर खाली करून, जोड टेप मारून. गॅस गिझर असेल तर धुराच्या नळीपासून फोम किमान १५ सेंटीमीटर लांब. गॅस गिझरचं डोकं, हवा घ्यायची जागा, सेफ्टी व्हॉल्व्ह कशानेही झाकायचं नाही.

बाहेरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डांमधून वारं येतं, त्यांच्या पाटीमागे फोमचं गॅस्केट बसतं. मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री करून मगच पाटी काढा. बोर्डच्या डब्यात फोम मारायचा नाही.

फायरप्लेस वापरात नसेल तर त्याच्या चिमणीतली झडप लावा आणि हँडलला मोठी चिठ्ठी बांधा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी झडप न उघडता आग पेटवणार नाही.

## १०. घर परत ताब्यात देताना

सामान आवरायच्या आधी टप्पा २ मधली धुराची चाचणी पुन्हा. हीच खरी परीक्षा, कारण घर आता सकाळपेक्षा घट्ट झालंय. सकाळी पास झालेलं उपकरण संध्याकाळी फेल होऊ शकतं. फेल झालं तर ते उपकरण बंद, खिडकी उघडी, टेक्निशियनला फोन, आणि घरातल्यांच्या रात्रीच्या उबेची दुसरी सोय केल्याशिवाय निघायचं नाही.

मग घरातल्या माणसाबरोबर एक फेरी. प्रत्येक खिडकी त्याने उघडून बघायची, प्रत्येक दार, माळ्याची झडप. अलार्म वाजवून दाखवा आणि वाजला तर काय करायचं ते तोंडी सांगा: बाहेर पडायचं, मग फोन. अंघोळ आणि स्वयंपाक करताना पंखा लावायला सांगा, पूर्वी फटीच तो दमटपणा बाहेर नेत होत्या. जमलं तर एक स्वस्तातला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारा मीटर, ठेवून या, थंडीत आकडा ३० ते ५० टक्क्यांत असावा, सतत ६० च्या वर गेला तर तुम्हाला फोन करायला सांगा. फिल्म थंडी संपल्यावर कशी काढायची तेही दाखवा: टेपवर हेअर ड्रायर फिरवून सावकाश, नाहीतर रंग सोलून येतो. उरलेली पट्टी आणि अर्धी ट्यूब त्यांच्याकडेच ठेवा, नाव आणि तारीख लिहून.

दोनतीन आठवड्यांनी लीडरने परत जायचं. लोंबणाऱ्या पट्ट्या, घासणारा स्वीप, काचेवरचं पाणी, हे सगळं तेव्हाच दिसतं. अर्ध्या तासाचं काम असतं पण ते केलं नाही तर पुढच्या थंडीत आधीचंच घर परत करावं लागतं.

बिलाचं विचारतीलच सगळे. गेल्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, बिलातल्या दिवसांनी युनिट भागून. तरीही एखादी थंडी जास्त कडक असते, एखाद्या वेळी घरात पाहुणे राहिलेले असतात, त्यामुळे तीनचार बिलं हातात येईपर्यंत किती वाचलं याचा आकडा कुणाला सांगू नका, घरातल्यांनाही नाही.